जपानमध्ये तरुण मिशनरी म्हणून जाताय? कागदपत्रांपासून निरोपापर्यंत

वसईच्या किल्ल्यात जेज्वीट धर्मगुरूंकडे शिकलेला एक मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी जपानला गेला. तिथली भाषा तो अशी शिकला, की १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा दुभाष्या तोच होता. संत गोन्सालो गार्सियांची ही गोष्ट ऐकत आम्ही वसईची मुलं मोठी होतो. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांतले ते एक. पण त्या टेकडीवरच्या स्मारकासमोर स्वतः उभी राहीपर्यंत एक गोष्ट माझ्या कधी मनातच आली नव्हती. सव्वीसपैकी वीस जण जपानी होते.

क्युशू बेटावरच्या एका लहान पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीत, मी तीन वर्षं लोकधर्मी (सिस्टर नसलेली, साधी भाविक) मिशनरी म्हणून राहिले. ज्यांची कागदपत्रं आता तयार होताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा अनुभव कॅथलिक पॅरिशचा आहे. नगर-सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतून जाणाऱ्यांना उपासनेचा भाग वेगळा दिसेल, पण नगरपालिका, कचरा, भाषा आणि शेजारी सगळ्यांना सारखेच.

त्याआधी एक इतिहास वाचून जा, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि धर्मगुरू हद्दपार झाले, मारले गेले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं तिथे उघडपणे एकही चर्च नव्हतं. १७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी आले. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच फादर पेतिजाँना हळूच सांगितलं, की आमचं अंतःकरण आणि तुमचं एकच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? सात पिढ्या धर्मगुरूविना त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना घरातल्या घरात जपली होती. बंदी अजून उठलेली नव्हती. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना गावाबाहेर काढून देशभर पांगवलं गेलं, आणि १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. अशा लोकांच्या नातवंडांकडे तुम्ही चालला आहात. आपण काहीतरी घेऊन चाललो आहोत असं वाटत असेल तर ते विमानात बसण्याआधीच उतरवून ठेवा. तिथे जे आहे, त्यात तुम्हाला सामील व्हायचं आहे.

कागदपत्रं: निदान सहा महिने आधी

पर्यटक व्हिसावर जाऊन मिशनचं काम करायचं नाही. कोणी ‘चालतं’ म्हणालं तरी नाही. जपानच्या इमिग्रेशन कायद्यात ‘धार्मिक कार्य’ असा स्वतंत्र निवासदर्जा आहे आणि परदेशी धर्मसंस्थेने पाठवलेल्या व्यक्तीला तो मिळतो. मुदत तीन महिने, एक, तीन किंवा पाच वर्षं.

सुरुवात जपानमधून होते. तुम्हाला बोलावणारा धर्मप्रांत किंवा संघ तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो. त्यासाठी तुमच्याकडून पाठवणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं. तुमचं पद काय, किती वर्षांसाठी पाठवलंय, खर्च आणि मानधन कोण देणार, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. संस्थेची माहिती आणि तुम्ही आजवर चर्चमध्ये केलेल्या कामाचा दाखलाही जोडावा लागतो. प्रमाणपत्र हातात आलं की मुंबईत व्हिसाचा अर्ज करा. ते तीन महिनेच चालतं, म्हणून आल्यावर लग्नकार्य, सण उरकत बसू नका.

नावाकडे फार बारकाईने बघा. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं, कुठे आडनावाचा रकानाच कोरा. जपानमध्ये पासपोर्टवर जे असेल तेच सगळीकडे येतं. त्याशिवाय तुमचं नाव काताकाना या परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत लिहावं लागतं. लोपीस, परेरा, डिसोजा ही नावं काताकानात दोन-तीन प्रकारे लिहिता येतात. पहिल्याच दिवशी एक रूप ठरवा आणि बँक, विमा, फोन सगळीकडे तेच वापरा. माझं नाव एका ठिकाणी दीर्घ आणि दुसऱ्या ठिकाणी ऱ्हस्व लिहिलं गेलं होतं. तेवढ्या एका आडव्या रेघेसाठी दोन खिडक्यांवर मिळून पाच फेऱ्या झाल्या.

या निवासदर्जावर बाहेर पगारी काम करता येत नाही. कोणी इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे देऊ केले, तर आधी इमिग्रेशनची परवानगी काढावी लागते. पॅरिशला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

बॅगेत काय नको

काय न्यावं यापेक्षा काय नेऊ नये हे महत्त्वाचं. मांसाचा कोणताही पदार्थ जपानमध्ये नेता येत नाही. गोव्याचं चोरिस, घरचं सुकं मटण, सॉसेजचा डबा, सगळं विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं-भाज्याही तपासणीच्या दाखल्याशिवाय नाहीत. मसाला न्यायचा तर कंपनीच्या बंद पाकिटातला.

औषधांचं विशेष सांभाळा. सर्दी-खोकल्याच्या काही साध्या गोळ्या आणि सिरपमध्ये स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं आणि ठरावीक प्रमाणापुढे ती तिथे चालत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याची आणि बिनचिठ्ठीची दोन महिन्यांची चालतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर ठेवा.

कपड्यांत एक काळा साधा पोशाख न्या, पूर्ण काळा, चमक नसलेला. तो अंत्यविधीसाठी लागतो, आणि लहान पॅरिशमध्ये अंत्यविधी लग्नांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पटकन काढता-घालता येतील असे बूट आणि न फाटलेले मोजे न्या. दिवसातून दहा वेळा पादत्राणं काढावी लागतात.

पहिले चौदा दिवस

फुकुओका, नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरलात तर तिथेच ‘झाइर्यू कार्ड’ म्हणजे निवासी ओळखपत्र हातात मिळतं. ते कायम जवळ बाळगायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानाही. जवळ नसेल तर दोन लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंद करून घ्या. त्यानंतर दवाखान्याच्या बिलातला तीस टक्के भागच तुम्ही भरता. वीस ते साठ वर्षांच्या दरम्यान असाल तर राष्ट्रीय पेन्शनचीही नोंद होते. मानधन अगदी कमी असेल तर हप्त्यातून सूट मागण्याचा अर्ज त्याच इमारतीत मिळतो. कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. पॅरिशमधल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर न्या.

पहिल्या महिन्यात सायकलही घ्याल. दुकानातच ‘बोहान तोरोकु’ ही चोरीविरोधी नोंदणी करा. जुनी सायकल कोणी भेट दिली तर तिची नोंदणी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर पोलिसाने थांबवलं की दुसऱ्याच्या नावाची सायकल समजावून सांगताना पुरेवाट होते. डाव्या बाजूने चालवा, रात्री दिवा लावा, डोक्यावर हेल्मेट ठेवा. एका हातात छत्री किंवा फोन धरून चालवणं गुन्हा आहे. १ एप्रिल २०२६ पासून सोळा आणि त्याहून जास्त वर्षांच्या सायकलस्वारांना जागच्या जागी दंडाची पावती देण्याची पद्धत आहे. म्हणून पावसाळी कोट पहिल्याच पगारात घ्या. जून-जुलैचा पाऊस आपल्या मृगाच्या पावसासारखा कोसळत नाही, पण दिवसच्या दिवस रिपरिप करत राहतो.

शेजार आणि कचरा

सामान लावून झालं की दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी जाऊन या. हातात छोटी भेट असावी. एखादा टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा पुरे, महाग अजिबात नको. शेजारी राहायला आले आहे, योरोशिकु ओनेगाइशिमासु (लोभ असावा), एवढं बोलून निघा. चर्चची पत्रिका या भेटीत देऊ नका. कोणत्या चर्चची, कुठून आले, हे विचारलं तर खरं सांगा आणि थांबा.

आता कचरा. याला एवढी जागा का देते आहे, ते तिथे गेल्यावर कळेल. नगरपालिका वर्षाचं कचऱ्याचं कॅलेंडर देते. जळणारा कचरा आठवड्यातून बहुधा दोनदा, प्लास्टिक एकदा, बाटल्या-डबे, कागद, काच आपापल्या दिवशी. पुष्कळ गावांत पालिकेच्या ठरावीक पिशव्याच विकत घ्याव्या लागतात. पिशवी त्याच दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायची, आदल्या रात्री नाही. वरून जाळी नीट ओढायची, कारण कावळे टपलेले असतात.

दुसऱ्याच आठवड्यात माझी पिशवी जागेवर तशीच राहिली. तिच्यावर एक स्टिकर होता आणि बाकी सगळ्या पिशव्या गेल्या होत्या. मी ती उचलायला गेले तर शेजारच्या आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, माझी पिशवी सोडली, आतून पाण्याची बाटली काढली. आधी झाकण फिरवून वेगळं केलं. मग नखाने लेबलची कडा धरून ते सोललं. बाटली माझ्या हातात देऊन नळाकडे बोट दाखवलं. मी विसळून आणली तेव्हा त्यांनी ती पायाखाली दाबून चपटी केली आणि झाकण, लेबल, बाटली अशा तीन ढिगांकडे बघून मान हलवली. मला त्यांचा एकही शब्द कळला नव्हता. पुढे सहा महिन्यांनी त्यांनीच मला पहिल्यांदा घरात बोलावलं.

गावांत आणि जुन्या वस्त्यांत ‘काइरानबान’ नावाची फाइल घरोघर फिरते. शेजारसंघाच्या सूचना असतात तिच्यात. वाचता आली नाही तरी तिच्यावर आपली खूण करून त्याच दिवशी पुढच्या घरी पोचवा. ती तुमच्याकडे अडकली की अख्ख्या गल्लीला कळतं. महिन्यातून एकदा गटार किंवा मंदिराशेजारच्या बागेची सफाई असते, तिथे झाडू घेऊन जा. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या मंदिरातल्या पूजेत भाग घ्यायचा की नाही, हा प्रश्न वेगळा. रस्ता झाडणं हे शेजारधर्मात येतं.

भाषा: मराठी माणसाला काय सोपं, काय अवघड

जाण्याआधी पुण्यात किंवा मुंबईत निदान वर्षभर जपानी शिका. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फाइव्ह ही सर्वांत खालची पातळी घरूनच पार करून जा, एन-फोर झाली तर फारच छान. मराठी असण्याचा इथे मोठा फायदा आहे, तो वापरा.

जपानी मुळाक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर तिथे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आला आहे. आपल्या वर्णमालेचाच हा भाऊ. वाक्याची रचनाही आपलीच आहे. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि ‘ला’, ‘ने’, ‘त’ यांसारखे प्रत्यय शब्दामागे. इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून विचार करा. ‘त्सु’ हा उच्चार बाकीच्या भारतीयांना जड जातो. आपण ‘चूल’ म्हणताना तो रोज करतो.

अवघड आहे ते ऱ्हस्व-दीर्घ. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. एवढ्या एका मात्रेवर पन्नाशीची बाई दुखावते. आदरार्थी भाषा आपल्याकडेही आहे, पण ‘तुम्ही’ला जो शब्द पुस्तकात दिलाय, ‘आनाता’, तो वापरायचं टाळा. माणसाचं नाव घेऊन ‘सान’ लावा. नाव माहीत नसेल तर विचारून वहीत लिहा. मी पहिलं वर्षभर मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, रोज तीन नावं लिहायचे आणि शेजारी एक खूण. निळा स्वेटर, काठी, अंजिराचं झाड.

शब्दांच्या निवडीत किती जबाबदारी असते, हे संत फ्रान्सिस झेवियरांच्या बाबतीत दिसतं. १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी माणूस त्यांचा वाटाड्या होता. १५ ऑगस्ट १५४९ ला ते कागोशिमाला उतरले. अंजिरोच्या सल्ल्याने ते देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरत राहिले. पुढे कळलं की ते एका बुद्धरूपाचं नाव आहे. ऐकणाऱ्यांना वाटत होतं, हा बौद्ध धर्माचाच एखादा पंथ. मग त्यांनी सरळ ‘देउस’ म्हणायला सुरुवात केली. झेवियरांसारख्या माणसाला दोन वर्षं लागली. तुम्ही पाच महिन्यांच्या जपानीवर प्रवचन देण्याची घाई करू नका.

पाठांतराला सुरुवात ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेने करा: ‘तेन नि ओरारेरु वाताशिताची नो चिची यो’. कॅथलिक आणि अँग्लिकन दोघेही २००० सालापासून हाच मसुदा म्हणतात. पॅरिशमधलं बायबल बहुधा १९८७ चं ‘शिन् क्योदो याकु’ असतं, त्यात अवघड कांजींवर, म्हणजे चिनी अक्षरांवर, उच्चारासाठी बारीक हिरागाना ही साधी लिपी छापलेली असते. रोजचं शुभवर्तमान आदल्या रात्री मराठीत वाचा आणि मग त्यात बोट ठेवून मोठ्याने वाचा. काही शब्द तर घरचेच निघतात. मिस्सा तिथे ‘मिसा’ आहे. आपला पाव आणि त्यांचा ‘पान’ दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आलेत.

धर्मगुरूंना ‘शिंपु-सामा’ म्हणतात, प्रोटेस्टंट पाळकांना ‘बोकुशी’. अदलाबदल केलीत तर समोरचा गोंधळतो, पण सांगत नाही.

माझा साधा दिवस

पावणेसहाला प्रार्थना. साडेसहाला मिस्सा, कामाच्या दिवशी दहा-बारा माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. नऊ ते साडेबारा भाषेचा वर्ग, पहिली दोन वर्षं रोज. या वेळात दुसरं कोणतंही काम देऊ नका, अशी विनंती फादरांना आधीच करून ठेवा. मदतीची गरज प्रत्येकालाच असते आणि वर्ग बुडवणं फार सोपं असतं.

दुपारी पॅरिशच्या बालवाडीत जायचे. पुष्कळ चर्चच्या अशा बालवाड्या आहेत आणि मुलं जवळपास सगळी ख्रिस्ती नसलेल्या घरांतली. माझं काम चपलांच्या कप्प्याशी उभं राहून प्रत्येकाला नावाने हाक मारणं. तीननंतर एखाद्या आजारी माणसाकडे पवित्र कम्युनियन घेऊन सिस्टरांबरोबर. पाचच्या सुमाराला गावच्या भोंग्यावर धून वाजते, मुलं घरी पळतात. संध्याकाळी भात, मिसो सूप, मासा. वसईच्या मुलीला माशाची काय पंचाईत! शाकाहारी असाल तर मात्र आधीच कळवा, कारण भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. मसाले, डाळी ‘ग्योमू सुपर’सारख्या दुकानांत मिळतात.

घरी फोन रात्री साडेनऊला. भारतात तेव्हा सहा वाजलेले असतात, आई मोकळी असते. फोन आठवड्यातून दोनदाच करा, असं मी सांगेन. रोज केलात तर मन वसईतच राहतं.

रविवार

मिस्सात गुडघे टेकण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी खोल वाकून नमन करतात. शांतीचं चिन्ह हात न मिळवता, जोडलेल्या हातांनी वाकून, ‘शु नो हेइवा’, म्हणजे प्रभूची शांती. २०२२ च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या आठवड्यांपासून) मिस्साचे प्रतिसाद बदललेत, जुनी पुस्तिका कोणी दिली तर तपासून घ्या.

मिस्सा संपली की पळू नका. चहा असतो, कप धुवायचे असतात, सफाईची पाळी भिंतीवर लावलेली असते. त्या पाळीत आपलं नाव घालून घ्या. पहिली दोन वर्षं कोणत्याही सभेत ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य मी उच्चारलं नाही. हा नियम मला एका म्हाताऱ्या सिस्टरने घालून दिला होता आणि त्याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे.

‘इंडियन करी कर’ असं सगळे म्हणतील. जरूर करा. तिखट वेगळं ठेवा, आणि कोणाला कशाची अॅलर्जी आहे ते आधी विचारून पाटीवर लिहा.

श्रद्धेबद्दल कधी, कसं बोलायचं

जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का. ‘शूक्यो’ म्हणजे धर्म, हा शब्द ऐकूनच पुष्कळ लोक सावध होतात, आणि त्यामागे जखमा आहेत. २० मार्च १९९५ ला ओम शिन्रिक्यो पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडला. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिन्झो आबेंची हत्या झाली आणि मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला घरचा सगळा पैसा दिल्याची हकिगत पुढे आली. भीती घालून देणग्या मागण्यावर जानेवारी २०२३ पासून कायद्याने बंदी आहे. हे तुमच्याशी संबंधित नाही असं समजू नका. दारात उभ्या असलेल्या परदेशी तरुणाकडे बघताना समोरच्याच्या मनात हे सगळं असतं.

त्यातून काही नियम निघतात. त्यांत सवलत नाही. पहिल्या वाक्यात आपलं नाव आणि चर्चचं पूर्ण नाव सांगा. ओळख लपवून मैत्री करणं हीच त्या पंथांची पद्धत होती. दारावर ‘कान्यू ओकोतोवारी’ म्हणजे प्रचारकांना मनाई अशी पाटी असेल तर घंटा वाजवू नका. पैशांबद्दल कधीही, कोणाशीही बोलू नका. मुलांशी आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय धार्मिक बोलणं नाही आणि कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसणं नाही. भीती घालून मुलांना धर्मकार्यात ओढणं हा बालछळ आहे, असं जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

इंग्रजीचा मोफत वर्ग बहुतेक मिशनरी घेतात, मीही घेतला. पत्रकावरच चर्चचं नाव छापा. शेवटी प्रार्थना असेल तर तिची वेळ वेगळी लिहा आणि मध्ये पाच मिनिटांची सुट्टी ठेवा, म्हणजे ज्याला जायचंय तो मान खाली न घालता जाईल. माझ्या वर्गात तीन वर्षांत चाळीसेक माणसं येऊन गेली. सुट्टीनंतर थांबणारे कधी दोन, कधी कोणीच नाही.

कोणाच्या घरी गेलात तर ‘गेन्कान’ म्हणजे दारातल्या खालच्या चौकटीतच थांबा. वर या म्हटल्याशिवाय वर पाऊल नाही. बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवा. घरात ‘बुत्सुदान’ म्हणजे पूर्वजांचा देव्हारा असेल. त्याच्याकडे पाठ करून बसू नका.

हाच देव्हारा पुष्कळांच्या बाप्तिस्म्याच्या आड येतो. एका बाईने चार वर्षं बायबल वाचलं होतं. तिचा प्रश्न त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या शिकवणीबद्दल नव्हता. ‘मी ख्रिस्ती झाले तर सासूबाईंच्या थडग्यावर पाणी कोण घालेल?’ असं तिने विचारलं. याला पाठ केलेलं उत्तर देऊ नका. मृतांचा मान राखणं आणि ख्रिस्ती असणं यांत तिथले कॅथलिक धर्माधिकारी विरोध मानत नाहीत. बौद्ध अंत्यविधीत आदराने वाकणं, धूप ठेवणं याला मोकळीक आहे. तरीही हे तिला फादरांनी सांगू द्या, आणि तुम्ही ऑगस्टमध्ये ओबोन या पूर्वजांच्या सणाला तिच्याबरोबर थडगं धुवायला जा. मी गेले होते. बादली, ब्रश, उन्हाने तापलेला दगड. ती पाणी ओतत होती आणि सासूच्या स्वभावाबद्दल बोलत होती, चांगलं-वाईट दोन्ही.

परदेशी भाविक

चर्चच्या मागच्या बाकांवर व्हिएतनामी, फिलिपिनो, ब्राझिलियन तरुण दिसतील. कारखान्यात, शेतात, वृद्धाश्रमांत काम करणारे. बऱ्याच पॅरिश आज त्यांच्यामुळेच भरलेल्या दिसतात. ते तुमच्याकडे लवकर येतील, कारण तुम्हीही बाहेरचे. त्यांच्याबरोबर पालिकेत जा, दवाखान्यात जा. पण पगार बुडवला, पासपोर्ट काढून घेतला असं कोणी सांगितलं तर स्वतः मालकाला फोन करू नका. धर्मप्रांताच्या स्थलांतरित मदत विभागाला त्याच दिवशी कळवा. अर्धवट मदतीने त्या मुलाचा निवासदर्जाच धोक्यात येऊ शकतो.

भूकंप, आणि नाताळ

पोचल्याच्या दिवशीच जवळचं आसराकेंद्र पायी जाऊन बघून या. उशाशी पाणी, बॅटरी, बूट, कार्डाची झेरॉक्स असलेली पिशवी ठेवा. रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११९, पोलीस ११०. मोठ्या आपत्तीत फोन लागत नाहीत तेव्हा १७१ वर निरोप ठेवता येतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

२५ डिसेंबर तिथे कामाचा दिवस आहे. चर्च भरतं ते २४ च्या संध्याकाळी, आणि त्यांतले अर्धे लोक पहिल्यांदा आलेले असतात. त्यांच्यासाठी गीतांची पुस्तिका पान उघडून हातात द्या. कुटुंबाचा सण नववर्षाचा. त्या तीन दिवसांत सगळं बंद आणि तुम्ही एकटे, म्हणून आधीच कोणाकडे तरी जेवण ठरवून ठेवा.

अवघड महिने

पहिले सहा महिने नवलाईत जातात. त्यानंतर एक काळ येतो, मला तो आठव्या महिन्यात आला. भाषा पुढे सरकेना, थंडीत खोली गोठलेली, आणि पॅरिशमध्ये वर्षभरात प्रौढांचा एकही बाप्तिस्मा नाही. संध्याकाळी सायकल लावून मी बराच वेळ जिन्यातच बसून राहायचे.

अशा वेळी तीन गोष्टी उपयोगी पडल्या. महिन्यातून एकदा पॅरिशबाहेरच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलणं, तेही ज्या भाषेत रडता येतं त्या भाषेत. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, पॅरिशपासून दूर, डोंगरावर किंवा गरम पाण्याच्या झऱ्यावर. आणि मराठीत रोजनिशी. झोप उडाली, जेवण सुटलं असं पंधरा दिवसांवर गेलं तर डॉक्टरांकडे जा. फादरांना सांगायला संकोच करू नका. पाठवणाऱ्या संस्थेला अहवाल लिहिताना बाप्तिस्म्यांचा आकडा शून्य असेल तर शून्यच लिहा. खाली त्या वर्षी ज्यांची नावं शिकलात ती लिहा.

निघताना

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मोठ्या सामानाची विल्हेवाट ठरवा. फ्रिज, वॉशिंग मशीन कचऱ्यात जात नाहीत, त्यांच्या पुनर्वापराचं वेगळं शुल्क भरावं लागतं. गादी, कपाट यांच्यासाठी फोन करून दिवस घ्यायचा आणि दुकानातून स्टिकर आणून चिकटवायचा. सायकल दुसऱ्याला देताना तिची नोंदणी रद्द करून द्या. नगरपालिकेत गाव सोडल्याची नोंद करा आणि विमा बंद करा. निवासी कार्ड विमानतळावर जमा करायचं असतं, ते छिद्र पाडून परत देतात.

ज्या घरांना पहिल्या आठवड्यात टॉवेल घेऊन गेलात, त्या सगळ्या घरांना पुन्हा जाऊन या. पॅरिशमधल्या म्हाताऱ्या माणसांना निरोपाचं पत्र पोस्टाने पाठवू नका, स्वतः जा. शेजारच्या आजींनी मला घरच्या अंजिरांचा मुरंबा दिला आणि बरणी रिकामी झाली की झाकण वेगळं काढायची आठवण केली.

खोलीची चावी देण्याआधी कचऱ्याचं कॅलेंडर फ्रिजच्या जागेजवळ भिंतीवर चिकटवून ठेवा, प्रत्येक रंगासमोर मराठीत, इंग्रजीत आणि हिरागानात अर्थ लिहून. तुमच्यानंतर येणारी मुलगी कदाचित केरळची असेल, कदाचित व्हिएतनामची, कदाचित पुन्हा वसईची.